न बांधलेलं हरीण

अळंबीच्या दिवसांत हरीण कापायचं असलं, की आधी एक दिवस आणि एक रात्र ते खुंट्याला बांधून ठेवायचं, हे आमच्या बर्फाळ मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच्या पोटातली लाल अळंबी उतरली पाहिजे. नाहीतर ज्यानं मांस खाल्लं त्याला ती चढते. मग मला, छप्पन्न वर्षांच्या बाईला, जन्मभर हरणं सोलणारीला, हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण घाई होती, आणि त्या घाईत मी अक्कल गहाण टाकली.

ऑगस्ट संपत आला होता. जावई आमच्या पाळीव हरणांच्या कळपामागे डोंगरात गेलेला, कारण अळंबी उगवली की हरणं कुणाच्या बापाची नसतात. वर्षभर मुकाट्यानं चरणारी जनावरं, पण त्या दिवसांत भूर्जाच्या रानात चौखूर उधळतात, एकेका लाल टोपीसाठी शिंगाला शिंग लावून भांडतात आणि दोन-दोन दिवस तोंड दाखवत नाहीत. तळावर आम्ही चौघंच होतो. मी, माझी मुलगी अन्फिसा, तिची आठ वर्षांची झीना आणि माझे धाकटे दीर कावाव. भाऊजी स्वतः त्या अळंबीचे जुने भक्त. दोरीत ओवून वाळवतात, हिवाळ्यात लांबच्या वाटेला निघाले की दोन चघळतात आणि गाणी म्हणत जातात. मला त्यांची ती थेरं मुळीच खपत नाहीत, आणि मी ते रोज बोलून दाखवते.

झीनाचं पोट आदल्या दुपारपासून दुखत होतं. आधी वाटलं, कच्च्या बेऱ्या खाल्ल्या असतील. सकाळी मात्र पोरगी पाय पोटाशी घेऊन पडली आणि उजव्या बाजूला बोट लावू देईना. रेडिओवर कळवलं. दहाच्या सुमाराला लहान हेलिकॉप्टर आलं. त्यातून एक तरुण नर्स उतरली, राइसा, आणि पायलट ग्लेब, चाळिशीचा, पिवळ्या मिशांचा रशियन. राइसानं पोट दाबून पाहिलं आणि आम्हाला तंबूबाहेर बोलावलं.

"अपेंडिक्स आहे. संध्याकाळपर्यंत टेबलावर घ्यायलाच हवी. फुटलं तर..."

तिचं बोलणं संपतंय न संपतंय तोच समुद्राकडून धुकं आलं. दरीत शिरलं आणि बसलंच. पलीकडचा डोंगर गेला, नदी गेली, शेवटी वीस पावलांवरची बर्फात ओढायची घसरगाडीसुद्धा दिसेना. ग्लेबनं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि सिगारेट पेटवली.

"आता नाही. ही दरी वाकडी आहे. धुक्यात एक वळण चुकलं की संपलं सगळं. उघडीप होईपर्यंत थांबायचं."

"कधी होईल उघडीप?" अन्फिसानं विचारलं.

"ते मला काय विचारता? मी काय वरती राहतो?"

अन्फिसा त्याचे पाय धरायला निघाली होती. मी तिला मागे ओढलं. मला वेगळीच धास्ती होती. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तळावर असाच एक पायलट आला, थांबून थांबून कंटाळला, आणि जराशी उघडीप दिसताच बाळंतिणीला न घेताच निघून गेला. उपाशी, थंडीनं काकडलेला, वैतागलेला पायलट मला नको होता. त्याला खाऊपिऊ घालून खूश ठेवायचं, माझ्या नातीसाठी त्याच्या मनात माया उपजवायची, असा माझा हिशेब. तसंही पाहुणा आला आणि हरीण कापलं नाही, तर आमच्या चुलीला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

पण कळप होता डोंगरात. तळावर ओढीची दोन हाडकी जनावरं तेवढी बांधलेली. आणि नेमकं पहाटे एक गुबगुबीत हरीण आपणहून परत आलं होतं. भूर्जाच्या रानाकडूनच आलं होतं. मान डोलवत, तिरकं चालत, मध्येच उगाच उडी मारत.

मी भाऊजींना म्हटलं, "ते घ्या."

"वहिनी, डोळे बघा त्याचे. पोटभर खाऊन आलंय. आज बांधू, उद्या कापू."

"उद्या? उद्यापर्यंत तो माणूस काय दगडफूल चघळत बसेल?"

"मग मासा शिजवा."

"पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि मी पायलटला मासा घालू? तुम्हाला एरवी ती अळंबी अमृत वाटते, आज बरी विषासारखी वाटायला लागली!"

भाऊजींनी फास उचलला. "मला काय, मला चालतंय," एवढंच म्हणाले.

हरीण पूर्वेकडे तोंड करून पाडलं. मी सोललं. मूत्रपिंडं गरम गरम, कच्चीच, पाहुण्याला द्यायची असतात. ग्लेबनं आधी नाक मुरडलं, मग मीठ लावून एक तुकडा खाल्ला, मग दोन्ही मूत्रपिंडं संपवली आणि काळजाला हात घातला. भाऊजींनीही काळीज खाल्लं. राइसा झीनाजवळून हलली नाही, अन्फिसाच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं, आणि मी तर वाढणारी, सगळ्यांच्या शेवटी खाणारी.

मग मी पोट फाडलं.

हिरव्या चोथ्यात लाल सालींचे तुकडे होते. एक-दोन नाही, ओंजळभर. काही टोप्या तर आख्ख्या होत्या, पांढऱ्या ठिपक्यांसकट. मागे वळून पाहिलं तर ग्लेब बोटं चाटत होता आणि म्हणत होता, "आजीबाई, असं मांस गावात नाही हो मिळत."

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. दोन बोटं घशात घालून ओकला असता तर सुटला असता. मी काय केलं? ते पोट उचललं, तंबूमागे नेलं आणि शेवाळाखाली पुरलं. सगळ्यांनाच चढत नाही, असं स्वतःला बजावलं. रशियन माणसाचं अंग दांडगं असतं, म्हटलं. धुकं कुठे हटलंय, उघडीप होईपर्यंत उतरेलही, म्हटलं. माणूस स्वतःला किती पटवू शकतो ते मी त्या दिवशी बघून घेतलं.

तासभर गेला. झीना आता रडतही नव्हती. ओठ सुकले होते, कपाळ तव्यासारखं तापलं होतं. राइसा दर दहा मिनिटांनी नाडी बघायची आणि माझी नजर टाळायची. धुकं तसूभरही हललं नव्हतं.

आणि एकदम ग्लेब उठला. गाल लाल, डोळे चमकत होते, मिशीत हसू.

"चला! पोरीला उचला. निघू या."

"धुकं?" राइसानं विचारलं.

"कसलं धुकं? मला समुद्रापर्यंत दिसतंय. प्रत्येक दगड दिसतोय. आज मी डोळे मिटूनसुद्धा नेईन!"

अन्फिसाच्या तोंडून हुंदका फुटला. तिनं त्याचा हात धरून कपाळाला लावला. "देव तुमचं भलं करो, साहेब, तुमच्या लेकराबाळांचं भलं करो." सकाळपासून ज्याच्यासाठी तिचा जीव तुटत होता तेच तो आपल्या तोंडानं बोलला होता. माझाही तुटत होता की. आणि आता त्याचं हे बळ कुठून आलं, ते या धुक्यात फक्त मला माहीत होतं. भाऊजींनाही असेल, पण ते चुलीपाशी डोळे मिटून डुलत बसले होते.

झीनाला कातड्यात गुंडाळून आम्ही हेलिकॉप्टरपाशी नेलं. मी उशी घेऊन मागून चालत होते. तोंडाला कुलूप. म्हटलं, नेईलही. नशेत भाऊजी बर्फाच्या वादळातून घरी आलेत, गाडी न उलटवता. पोहोचेलही हा. आणि न गेला तर पोर इथेच मरेल. आत ठेवलं पोरीला. राइसा चढली, अन्फिसा चढली. ग्लेब तंबूकडून टोपी घेऊन आला. तंबूची एक दोरी जमिनीवर सैल पडली होती, बोटाएवढी जाड. तिच्यापाशी तो थबकला, गुडघा छातीपर्यंत उचलला, दोन्ही हात पसरून तोल सावरला आणि मोठ्या कष्टानं पलीकडे गेला.

"हा ओंडका कुणी आणून टाकला वाटेत?" तो म्हणाला.

माझ्या हातून उशी पडली. ज्याला दोरीचा ओंडका दिसतो, त्याला डोंगराचं काय दिसेल?

"थांबा!" मी ओरडले. "अन्फिसा, खाली उतर. पोरीला खाली घे. याला अळंबी चढलीय."

"काय बोलतेस आई?"

"त्या हरणाच्या पोटात अळंबी होती. मी पाहिली. यानं सगळं खाल्लंय."

ग्लेब खो खो हसला. "मी? मला कसलीच नशा नाही. इतका शुद्धीत मी जन्मात नव्हतो!" आणि तो चढून आपल्या जागेवर बसला.

अन्फिसा उतरली, पण पोरीला घ्यायला नाही, मला ढकलायला. "गप्प बस! तो निघालाय, दिसत नाही तुला? त्याला घाबरवू नकोस!"

"त्याला घाबरायचंही भान नाही, म्हणून तर निघालाय."

"मरू दे! मरू दे आम्हाला तिघींना! इथे ठेवून तरी काय करणार आहेस तू? पुरणार आहेस तिला?" आणि तिनं माझ्या कानशिलात मारली. पोटच्या पोरीनं. मला राग आला नाही, खरं सांगते. मी तिच्या अंगावरून आत शिरले आणि झीनाला उचललं. पोर कण्हली. तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

राइसा पांढरीफटक पडली होती. ओंडक्याचं तिनंही ऐकलं होतं. तिनं आपली पेटी घेतली आणि माझ्यामागून उतरली. अन्फिसानं ती पडलेली उशी उचलली.

आता राहिला ग्लेब. त्यानं बटणांवर हात ठेवला होता. एकटाच उडाला असता तर? मी हाका मारल्या, शिव्या घातल्या, तो हसत होता. तेवढ्यात भाऊजी डुलत डुलत आले. मला हातानं बाजूला केलं.

"वहिनी, ओढू नका त्याला. चढलेल्या हरणाला कधी ओढतात का?"

ते शेजारच्या जागेवर चढून बसले, ग्लेबच्या खांद्यावर हात टाकला. "साहेब, लई भारी यंत्र आहे तुमचं. एवढाली बटणं! मला सांगा की, हे काय, ते काय." ग्लेब सांगू लागला. एकेक बटण, त्याचं नाव, त्याचं काम. मध्येच त्याला आपला अंगठा दिसला आणि तो अंगठ्याचंच कौतुक करू लागला. अर्ध्या तासानं भाऊजींनी त्याला चहाच्या नावाखाली खाली उतरवलं, अगदी गुमान.

आणि मग, मेलं नशीब, धुकं हटलं.

दुपारचे दोन वाजले असतील. ऊन पडलं. डोंगर इतका स्वच्छ दिसू लागला की वरच्या बर्फाच्या रेघा मोजाव्यात. नदी चमकत होती. हेलिकॉप्टर उन्हात उभं होतं, आणि त्याचा धनी शेवाळावर पालथा पडून मुंग्यांशी बोलत होता. अन्फिसा आभाळाकडे बघायची, मग माझ्याकडे. पुन्हा आभाळाकडे, पुन्हा माझ्याकडे. बोलली असती तर परवडलं असतं.

राइसानं इंजेक्शनं दिली, नदीचं गार पाणी भरून पिशवी पोटावर ठेवली. "किती वेळात उतरतं हे?" तिनं मला विचारलं.

"पाच तास. सहा."

तिनं घड्याळ पाहिलं आणि ओठ चावला.

तेवढ्यात ग्लेब उठून लघवीला गेला, तशी ओढीची दोन्ही हरणं दावं तोडून त्याच्यामागे धावली. खारट म्हणून ती माणसाच्या मुताला सोकावलेलीच असतात, पण आज तर जमीन चाटताना एकमेकांना लाथा घालत होती. भाऊजी पोट धरून हसले. "साहेब, तुमच्यातला माल मुतातून उतरायला लागला बघा, गिऱ्हाईक जमलंय!" मला त्या घटकेला दोघांचाही गळा दाबावासा वाटला.

ग्लेब परत येऊन बसला. आता तो हसत नव्हता. गालांवरून पाणी वाहत होतं. "का खातात हो ती?" त्यानं विचारलं. "एवढं गवत आहे, पानं आहेत. पोट भरतं की. मग हे विष का शोधत जातात?"

भाऊजी म्हणाले, "तुम्ही का उडता?"

"नोकरी आहे."

"पहिल्यांदा उडालात तेव्हा?"

ग्लेबनं बाहीनं गाल पुसले. "तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "खाली आमचं घर एवढंसं दिसलं. बाप दिसला, काडीएवढा. मला त्याची भीती वाटेनाशी झाली."

"झालं तर मग. नऊ महिने बर्फ उकरायचा, त्याच्याखालचं दगडफूल खायचं, लांडग्याला भ्यायचं. एक महिना तरी जनावराला आपल्या कातड्याबाहेर येऊन बघावंसं वाटणार नाही?"

मी झीनाच्या उशाशी बसून हे संतापानं ऐकत होते. पण भाऊजी खोटं बोलत नव्हते, हेही मला कळत होतं. माझ्या लग्नाच्या वर्षी मी एकदा खाल्ली होती. फक्त एकदाच. माझी मेलेली आई चुलीपाशी बसून माझे केस विंचरत होती, संध्याकाळपर्यंत. उतरली तेव्हा मी इतकी रडले की पुन्हा त्या लाल टोपीकडे बघायचं नाही असं ठरवलं. विष आहे म्हणून मी ती सोडली असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे पुन्हा आई दिसली असती तर मी परत आले नसते. आणि आज मी अळंबी न खाताच तशीच नशा केली होती. नशा त्याला चढली होती, पण तिच्या जोरावर तो उडेल, पोर वाचेल, हे स्वप्न मी शुद्धीत असताना बघत होते.

चार वाजता ग्लेब झोपला. पाच वाजता झीनाच्या पोटातली कळ एकदम थांबली. "आजी, आता दुखत नाही," ती म्हणाली. अन्फिसाचा चेहरा उजळला. मी राइसाकडे पाहिलं, तर राइसाचा चेहरा उजळला नव्हता. तिनं मला हळूच खुणेनं सांगितलं. आत फुटलं होतं.

मी तडक गेले आणि ग्लेबच्या तोंडावर बादलीभर नदीचं पाणी ओतलं. तो धडपडत उठला, ओकला, पुन्हा ओकला. मग गुडघ्यांत डोकं घालून बसला.

"तुमच्या मुलांची नावं सांगा," राइसा म्हणाली.

त्यानं सांगितली. वयं सांगितली. आज वार कोणता, दवाखान्यापर्यंत वळणं किती, इंधन किती, सगळं सांगितलं. हात पुढे धरून दाखवले. स्थिर होते. मला म्हणाला, "आजीबाई, मी खरंच निघालो होतो?"

"निघाला होतात."

तो उठला. यंत्राभोवती दोनदा फिरला, प्रत्येक गोष्टीला हात लावून पाहिलं, आणि सहाला दहा मिनिटं कमी असताना ते हेलिकॉप्टर उडालं. मला जागा नव्हती. अन्फिसानं खिडकीतून खाली पाहिलं नाही. मी पहिल्या वळणापर्यंत बघत राहिले, मग आवाजही गेला.

भाऊजींनी ते उरलेलं मांस नदीत टाकलं. मला बोल लावायचा हक्क होता त्यांना, पण लावला नाही.

सकाळी आठला रेडिओ लागतो. तेव्हा जिल्ह्यातले सगळे तळ कान लावून बसलेले असतात. कुणाचं हरीण हरवलं, कुणाला पोरगा झाला, सगळं सगळ्यांना ऐकू जातं. आमच्या तळाचं नाव पुकारलं, मी बटण दाबून "ऐकतेय" म्हटलं.

"आई," पलीकडून अन्फिसा बोलली. "झीना जिवंत आहे."

मी रेडिओच्या पेटीला कपाळ टेकलं. भाऊजींनी माझी पाठ धरली.

"रात्री पोट चिरलं. फुटलेलं होतं. अजून नळ्या लावल्यात, महिनाभर तरी उठणार नाही." मग नुसती खरखर. मला वाटलं, तुटलं. पण ती तिथेच होती. "डॉक्टर म्हणतात, चार तास आधी आणली असती तर फुटलंच नसतं. आणि तो पायलट कालपासून दाराशी बसलाय. तो म्हणतो, चार तास आधी निघालो असतो तर आपण सगळे डोंगरावर आपटलो असतो. मी कुणाचं खरं मानू, आई?"

सगळ्या तळांवर चहाचे पेले हातात धरून माणसं ऐकत असणार. माझी चुलत बहीण, जावयाची आई, ज्यांना मी आयुष्यभर रीतभात शिकवली त्या सगळ्या सुना. मी पुन्हा बटण दाबलं.

"दोघांचंही मान," मी म्हटलं. "ते हरीण बांधा, असं भाऊजींनी मला सांगितलं होतं. मी कापायला लावलं. पोटात अळंबी दिसली, तेव्हा पायलट जेवतच होता. मी बोलले नाही. पुरून टाकली. तुला हेलिकॉप्टरमध्ये चढू दिलं, झीनाला चढवू दिलं, तरी बोलले नाही. कारण मलाही तो उडायला हवा होता."

मी बटण सोडलं आणि पोरीच्या उत्तराची वाट बघत बसले.

मग तिचा श्वास ऐकू आला. "हरणाच्या पोटातलं मला आधीच माहीत असतं ना आई," ती म्हणाली, "तर तो उडावा म्हणून मीही लपवलं असतं. तुला बोलूच दिलं नसतं."